कोटी आणि डोकी

कोजागरीचं चांदणं गच्चीवर टाकून या घरघरणाऱ्या पंख्याखाली येऊन बसलेल्या मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘मराठी चित्रपट : यंदाचा हंगाम’. कार्यवाहांनी फोनवर सांगितला, मी ‘हो हो’ म्हणालो आणि फोन ठेवतानाच ठरवलं, बोलायचं ते आपलंच. गेली दहा वर्षं मी एकच तुणतुणं वाजवत हिंडतोय : कोटी मोजू नका, डोकी मोजा. ज्यांनी हे आधी ऐकलंय त्यांनी मागे उकळणाऱ्या दुधावर लक्ष ठेवायला हरकत नाही. (हशा)

इतिहासात शिरत नाही. ‘सोंगाड्या’ सिनेमा आणि दादरचं कोहिनूर टॉकीज, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. २००४चा ‘श्वास’ आणि त्यानंतर फुटलेली पालवी, तेही झालं. थेट हिशोबावर येतो.

हल्ली शुक्रवारी सिनेमा लागतो आणि सोमवारी पोस्टर झळकतं, अमुक इतके कोटी! आता तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलंत असं समजा. त्यातले ३६ जीएसटीचे. राहिले २००. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरवाला ठेवतो. वितरकाकडे आले १००. त्यातून त्याचं कमिशन, जाहिरात वगैरे वजा करा. मग जे हाताला लागेल ते निर्मात्याचं. पोस्टरवर मात्र सगळे २३६! पुढच्या आठवड्यांत तर निर्मात्याच्या बाजूचा वाटा आणखी घसरतो. म्हणजे उशिरा येणारा प्रेक्षक त्याला कमी पैसे देऊन जातो. आणि मराठी माणूस उशिराच येतो, हे साडेसहाचं व्याख्यान सव्वासातला सुरू झालं त्यावरून... असो.

बरं, दहा कोटींचा गल्ला म्हणजे माणसं किती? सरासरी दोनशेचं तिकीट धरा, पाच लाख. शंभरचं धरा, दहा लाख. गल्ला तोच, माणसं दुप्पट! २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. त्यातले पाच लाख म्हणजे शंभरातला एकसुद्धा नाही. फ्रान्समध्ये, दक्षिण कोरियात सिनेमा किती चालला ते तिकिटांच्या संख्येत सांगतात. आपल्याकडे २०१६मध्ये ‘सैराट’ने शंभर कोटी ओलांडले, मराठीत पहिल्यांदाच. तो आकडा पोरासोरांना पाठ आहे. पण किती जणांनी पाहिला? ते कुणी विचारतही नाही.

हे वेड मला कुठून लागलं ते दोन मिनिटांत सांगतो. आमचे अण्णा तालुक्याच्या टॉकीजला डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, अर्धुक गिऱ्हाईकाला, अर्धुक पत्र्याच्या डब्यात. सिनेमाच्या पेटीबरोबर वितरकाचा रिप्रेझेंटेटिव्ह यायचा आणि मॅनेजरच्या खोलीत मुक्काम ठोकायचा. रात्री डबा पालथा करायचा, अर्धुकं मोजायची, डीसीआर भरायचा. डीसीआर म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा कागद. त्याच्यावर दोघांच्या सह्या, कारण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही.

‘माहेरची साडी’ १९९१चा. आमच्याकडे आला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका आल्या. बायकांची रांग टॉकीजला वळसा घालून पिठाच्या गिरणीपर्यंत. नियम असा की कडेवरचं पोर फुकट. एक बाई सात-आठ वर्षांचा घोडा कडेवर घेऊन आली. त्याचे पाय खाली लोंबताहेत, एका पायातली चप्पल जमिनीला घासतेय. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणाला, ‘‘अहो, याचं तिकीट?’’ अण्णा म्हणाले, ‘‘कडेवर आहे ना? मग पोरच ते.’’ (हशा) त्या रात्री घरी आल्यावर म्हणाले, ‘‘डब्यात चारशे बारा निघाली, पण आत साडेपाचशे होते. ती पोरं कुठल्या कागदावर येणार?’’ मला वाटतं, तिथेच माझं डोकं फिरलं.

आणखी एक. सिनेमा संपला की लगेच दिवे लावायचे, असा मॅनेजरचा दंडक. अण्णा लावायचे नाहीत. पडदा पांढरा व्हायचा, आत मिट्ट काळोख, नुसते हुंदके आणि बांगड्यांचा आवाज. अण्णा बटणापाशी मिनिटभर तसेच उभे. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘डोळे पुसायला वेळ नको का? उजेडात कोण पुसतं?’’

...चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं. कृपया विषयावर यावे.’ अहो, मी विषयावरच आहे! (टाळ्या) २०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला नटूनथटून भिशीमंडळं आली. त्या बायका गिरणीपर्यंतच्या रांगेतल्यांच्या लेकी-सुना. जाणकार म्हणाले, चमत्कार! चमत्कार कसला? तुम्ही मोजत नव्हता, त्या होत्याच.

काय म्हणालात? मराठी माणूसच मराठी सिनेमा बघत नाही? हे वाक्य दर वर्षी याच तिसऱ्या रांगेतून येतं. २०२५मध्ये १ मेला ‘आता थांबायचं नाय’ आणि ‘गुलकंद’ एकाच दिवशी लागले, आणि समोर हिंदीतला ‘रेड २’. पहिला, पालिकेचे कामगार दहावीला बसतात त्यांचा. उत्तम सिनेमा. मी आणि आमची ही दुसऱ्या मंगळवारी गेलो तर खेळ एकच, सकाळी दहा चाळीसचा. कामगारांवरचा सिनेमा, आणि कामगार कामावर असतो त्या वेळेला! आत आम्ही धरून नऊ जण. मग म्हणायचं, प्रेक्षक नाही.

१८ जुलैला ‘येरे येरे पैसा ३’ आला, त्याच दिवशी ‘सैयारा’. मराठीचे खेळ कापले म्हणून आंदोलनाचे इशारे दिले गेले. आंदोलन करावं, पण १२ सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे आपलेच तीन एकमेकांच्या पायात पाय घालून उतरले, तेव्हा कुणाच्या दारात बसायचं? ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशीव्या वर्षी काय उभे राहिलेत! उत्तरार्ध मला बोजड वाटला, तरी लोक गेले ते त्यांच्यासाठी. लोक एकमेकांना सांगतात तेव्हा मराठी सिनेमा चालतो. शुक्रवारी पाहिलेलं रविवारी जेवताना सांगायचं, तोवर सोमवारी खेळ उडालेला. मग दसऱ्यापासून ‘कांतारा : चॅप्टर १’ पडदे व्यापून बसला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५पासून पाच टक्केच जीएसटी झालाय. छान. शंभर रुपयांचं तिकीट तेवढं दाखवा मला!

दुसरी चिठ्ठी. ‘दूध उतू जातंय.’ मग रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’वर एकच वाक्य. सनडान्सला पारितोषिक मिळवून तो १९ सप्टेंबरला आपल्याकडे लागला, आणि सुतकातल्या दिवसांचा हा सिनेमा हळू आहे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या घरातलं सुतक आठवून पाहावं. बाकीचे सिनेमे राहिले, त्यांच्या निर्मात्यांनी रागावू नये.

कार्यवाह पेले मोजताना दिसताहेत. खुर्च्यांवरून मोजू नका हो, कडेवरच्या पोरांनाही द्या.