मिसळणाच्या डब्याचा धडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी मिसळणाचा डबा असतो. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट, सारे हाताशी. मोठा साठा फडताळात असतो, पण फोडणीच्या वेळी दरवेळी फडताळ कोण उघडणार? संगणकातही असा डबा असतो. त्याला ‘कॅश’ म्हणतात. रोख पैशाशी त्याचा संबंध नाही. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. वारंवार लागणारी माहिती दरवेळी डेटाबेसमधून न काढता हाताशी ठेवायची, एवढेच त्याचे काम.

२००७ सालच्या जूनमधली गोष्ट. एका परीक्षेचा निकाल संकेतस्थळावर लागणार होता. त्याची यंत्रणा जावा भाषेत लिहिलेली होती आणि ती सांभाळणाऱ्या गटात मी होतो. एकदा काढलेला निकाल कॅशमध्ये ठेवायचा, अशी सोय आम्ही मोठ्या हौसेने केली होती.

अकरा वाजता निकाल खुला झाला आणि थोड्याच वेळात सर्व्हर रखडू लागला. दूरध्वनी खणखणू लागले. एक वडील म्हणाले, “साहेब, पोरगी सकाळपासून जेवली नाही. पास की नापास, एवढंच सांगा.”

आम्ही घाईने ठरवले, कॅश लहान पडतोय, मोठा करा. चौपट केला. काही मिनिटे बरी गेली. मग सर्व्हर अधूनमधून कित्येक सेकंद मुका होऊ लागला. औषधानेच दुखणे वाढले होते.

तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “अरे, डबा मोठा करताय; पण त्यातलं कोणी परत मागतंय का, ते मोजलंत का?”

मोजले, आणि चेहरे उतरले. कॅशमधून भागणाऱ्या मागण्या अगदीच थोड्या होत्या. साहजिकच होते. एका मुलाचा निकाल तो मुलगाच पाहणार, तोही बहुधा एकदाच. वर्षातून एकदा लागणारा मसाला आम्ही मिसळणाच्या डब्यात कोंबत होतो.

दुसरी नोंद होती सफाईची. १९९५ साली आलेली जावा निरुपयोगी माहिती स्मृतीतून आपणच झाडून काढते. पण केर कोणता हे कळण्यासाठी आधी वापरातल्या वस्तू पाहाव्या लागतात, आणि आमच्या सर्व्हरवरची मोठी सफाई चालू असताना बाकी सारे काम थांबत असे. कॅशमधली प्रत्येक वस्तू ‘वापरातली’ ठरते. ती टाकता येत नाही, पण दर मोठ्या सफाईत तपासावी मात्र लागते. म्हणजे डबा जितका मोठा, तितका खोळंबा लांब.

मग आम्ही निकाल कॅशमधून काढून टाकले. बैठक क्रमांकावरून ते डेटाबेसमध्ये चटकन सापडत होतेच. विषयांची नावे, केंद्रांची यादी, अशा सर्वांना लागणाऱ्या गोष्टी तेवढ्या कॅशमध्ये ठेवल्या आणि त्यालाही मर्यादा घातली. तासाभरात सर्व्हर सुरळीत झाला.

आज सफाईच्या पद्धती सुधारल्या आहेत. २०२० साली जावाच्या पंधराव्या आवृत्तीत ‘झेडजीसी’ ही पद्धत नेहमीच्या वापरासाठी सिद्ध झाली. तिचे थांबे सेकंदाच्या अगदी अल्प अंशात संपतात. पण डब्यात काय ठेवायचे, हे ती सांगत नाही. ते माणसानेच ठरवायचे, आणि ठरवण्याआधी मोजायचे.

संध्याकाळी त्या वडिलांना मी स्वतः दूरध्वनी केला. मुलगी पास झाली होती. पण ते त्यांना आधीच कळले होते. दुपारीच ती सायकलवरून जाऊन फलकावरची छापील यादी पाहून आली होती.