डाव मांडण्याआधी

पत्ते म्हटले की आपल्याला बावन्न पानांचा कॅट आठवतो. हाती कुठली पाने येतील ते नशिबावर. पण कॅट सर्वांना एकच. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अमेरिकी खेळाचे तसे नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. यात प्रत्येकजण आपला संच स्वतः बांधून आणतो. हजारो पत्त्यांतून हवे ते निवडायचे. ते विकत घ्यायचे, नाहीतर मित्रांशी अदलाबदल करायची.

याच खेळाचा ‘कमांडर’ हा प्रकार मित्रमंडळींच्या बैठकीत वाढला. बहुधा चौघे बसतात. प्रत्येकाकडे शंभर पत्ते. त्यांतला एक सेनापती. जमिनीचे साधे पत्ते आणि मोजके अपवाद वगळता एकच पत्ता दोनदा ठेवायचा नाही. डाव सावकाश रंगावा आणि चौघांनाही आपली करामत दाखवता यावी, ही मूळ कल्पना.

कुठले पत्ते चालतील, हे हौशी खेळाडूंची एक समिती ठरवीत असे. कंपनीने नेमलेली नव्हे, लोकांनी मानलेली. २३ सप्टेंबर २०२४ रोजी या समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यांत ‘मॅना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’ होते. हे पत्ते टाकायला काहीच खर्च पडत नाही आणि पहिल्याच फेरीत ते भरपूर बळ देतात. ते ज्याच्या हाती लवकर येत, तो पुढे निघून जाई. उरलेले तिघे बघत बसत.

कारण पटण्याजोगे होते. पण ‘मॅना क्रिप्ट’च्या एका प्रतीला शंभर डॉलरहून अधिक मोजावे लागत. कुणी पैसे साठवून तो घेतला असेल. त्याच्या दृष्टीने नियम बदलला नाही, खिसा कापला गेला. त्याचा राग मी खोटा म्हणणार नाही. मात्र काहींनी थेट समितीच्या सदस्यांना धमक्या दिल्या. अखेर ३० सप्टेंबरला समितीने कारभार ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे सोपवला. म्हणजे मित्रांचा खेळ पत्ते विकणाऱ्यांच्याच हाती गेला.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने प्रायोगिक स्वरूपात संचांच्या ताकदीच्या पाच पायऱ्या जाहीर केल्या. समान ताकदीच्या संचांची गाठ पडावी, हा हेतू. पण आपला संच कुठल्या पायरीवर आहे, हे खेळणाऱ्यानेच प्रामाणिकपणे सांगायचे!

मला यातली गंमत मोठी वाटते. समिती गेली, कंपनी आली, तरी शेवटी मदार राहिली ती चौघांनी एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासावरच. पत्ते पिसण्याआधी समोरच्याला विचारावे, ‘आज कसा डाव खेळायचा?’ या प्रश्नाला एक डॉलरही पडत नाही. उत्तर तेवढे खरे द्यावे लागते.