दलाली केव्हा सांगायची?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



गणपतीसमोर जमिनीचा दलाल भाषणाला उभा राहिला, याचे काहींना हसू येईल. पण बोरगावात कारखाने आले तशी जमिनीची खरेदी-विक्री वाढली, आणि इथल्या बहुतेक घरांचा कधी ना कधी आमच्याशी संबंध येतोच. म्हणून दलालीवरून होणाऱ्या भांडणाबद्दल बोलतो.

"तुम्ही केलं काय? शेत दाखवलं, एक फोन लावला!" हे प्रत्येक दलालाने ऐकलेले आहे. पूर्वी मला राग येई. एका प्रसंगाने तो उतरला.

५ एकरांची संत्र्याची बाग होती. शेतकऱ्याच्या भावावर मी एकरी ५० हजार चढवले आणि नागपूरच्या गिऱ्हाइकाला तोच मालकाचा भाव म्हणून सांगितला. रजिस्ट्रीच्या दिवशी सौंसरला दोघे एकाच बाकावर बसले आणि बोलता बोलता खरा आकडा निघाला. गिऱ्हाईक उठून गेले. शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न तोंडावर होते. त्याचा चेहरा आजही आठवतो. आठ दिवसांनी दोघांनी आपसांत सौदा केला. मला रुपया मिळाला नाही, आणि मागायला तोंडही नव्हते.

पुढे एका वकिलांनी समजावले. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, काम पुरे झाल्यावरच दलालाचा मोबदला देणे लागते. आणि कामात लबाडी केली तर त्या कामाचा मोबदला मागता येत नाही.

तेव्हापासून शेत दाखवण्याआधीच दलाली सांगतो आणि कागदावर सह्या घेतो. मालकाचा भाव वेगळा, माझे पैसे वेगळे. कधी मी स्वतः इसार देऊन सौदा करतो आणि पुढे दुसऱ्याला देतो. त्यात इसार बुडण्याची जोखीम माझी असते, म्हणून नफाही घेतो; पण "इथे मी दलाल नाही," हे मालकाला आणि गिऱ्हाइकाला आधी सांगतो.

तरीही कोणी कुरकुर केली, तर वाद न घालता केलेले काम पुढे ठेवतो. खसरा आणि बी-१ तपासले, सीमांकन करून घेतले, बँकेचा बोजा पाहिला, बहिणींच्या सह्या मिळवल्या, विहिरीतला हिस्सा लिहून घेतला. महाराष्ट्रातून आलेले लोक सातबारा मागतात. त्यांना इथले कागद समजावले. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, हे वेळीच सांगितले तर लाखो रुपये वाचतात. एवढे ऐकल्यावर बहुतेक जण पैसे देतात.

घेणाऱ्यांनाही विनंती आहे. दलाली पहिल्याच दिवशी विचारा, घासाघीस तेव्हाच करा. रजिस्ट्रीनंतर हात आखडू नका. नोंदणीकृत लेआउटमध्ये प्लॉट घ्यायचा असेल तर दलालाचा रेरा नोंदणी क्रमांक मागा. २०१६ च्या कायद्याने तो आवश्यक आहे.

जमीन एकदाच विकली जाते, पण आपल्याला राहायचे याच गावात आहे. रस्त्यात भेटल्यावर मान खाली घालावी लागू नये, एवढी बुद्धी बाप्पाने आम्हा दलालांना द्यावी, आणि थोडी तुम्हालाही!

गणपती बाप्पा मोरया!