पाळीचा हिशेब

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की शेजारीपाजारी सुनेबद्दल कुजबुज सुरू होते. मुलाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. उल्हासनगरचं सिंधी घर असो की बदलापूरची मराठी चाळ, चाल एकच. कोणी अंबरनाथच्या महादेवाला साकडं घालतं, कोणी उपास धरतं. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण तेवढ्यावरच थांबलं, तर ज्याला औषध आहे असा दोषही वर्षानुवर्षं तसाच राहतो.

हा दोष कोणता? पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून एक स्त्रीबीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. ते सुटलंच नाही, तर गर्भ राहणार कुठून? मूल न होणाऱ्या चार जोडप्यांपैकी सुमारे एका जोडप्यात हे कारण आढळतं.

याची खूण घरातच मिळते. पाळी दोन-दोन महिने लांबते. आपण म्हणतो, पहाटेच्या लोकलची दगदग, दुसरं काय! पण पाळी नेहमीच ३५ दिवसांपलीकडे जात असेल, तर ते अंगावर काढू नये. हनुवटीवर केस, मुरुमं, वाढतं वजन यांची जोड असेल, तर पीसीओएस हा विकार असू शकतो. सोनोग्राफीत दिसतात त्या अर्धवट वाढलेल्या बीजपुटिका; कापून काढायच्या गाठी नव्हेत. थायरॉइडच्या बिघाडानेही बीज सुटणं थांबतं.

मग करावं काय? वर्षभर वाट पाहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल, तर तेवढंही थांबू नये. पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी. ती सोपी आहे, आणि सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण निघतं. उल्हासनगरचं शासकीय मध्यवर्ती रुग्णालय या तिन्ही गावांना जवळ आहे.

वजन जास्त असेल, तर ते शेकडा पाच ते दहाने उतरलं तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. नाहीतर बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत. त्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणू नयेत.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तेव्हापासून मूल होत नाही म्हटलं की लोकांना तोच खर्चिक उपाय आठवतो. पण नुसतं बीज सुटत नसेल, तर ती शेवटची पायरी, पहिली नव्हे.

तेव्हा आज भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहून ठेवा. आणि सासूबाई, डॉक्टरांकडे जाताना सुनेबरोबर मुलालाही धाडा.