थंड खोलीतील मासे आणि हीटरची निवड

(शोभिवंत मत्स्यपालकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



मी पिकांचा माणूस. कृषिविद्या शिकवतो. तेव्हा आज काचेच्या टाकीतल्या माशांवर बोलायला उभा राहिलो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या मावसभावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बागेला जोडधंदा म्हणून त्याने शेडमध्ये गप्पी, मॉली आणि एंजल मासे वाढवायला सुरुवात केली. पहिले चांगले गिऱ्हाईक मिळाले ते मुंबईत, साकीनाक्याच्या एका गाळ्यातील ऑफिसात. तीन फूट लांबीची टाकी आणि वीस एंजल. मासे पोचवायला मीही सोबत गेलो होतो. तिथल्या मालकांनी विचारले, "सर, हीटर लागेल का हो?" मी लगेच सांगून मोकळा झालो, "मुंबईत कसला हीटर? तोही मे महिन्यात!"

आठव्या दिवशी निरोप आला. मासे तळाशी बसून आहेत, खात नाहीत, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आहेत, सहा मेले. दोन आठवड्यांत एकही उरला नाही. मालक म्हणाले, तुमचा मालच रोगट होता. भावाने पैसे परत केले आणि मला म्हणाला, "दादा, आता शेडला कुलूप लावतो."

मी थर्मामीटर घेऊन पुन्हा साकीनाक्याला गेलो. बाहेर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर घामाच्या धारा लागल्या होत्या. आत टाकीतले पाणी होते १८ अंश सेल्सिअस! गाळ्यातल्या यंत्रांसाठी ए.सी. रात्रंदिवस चालू होता आणि त्याचा झोत थेट टाकीवर येत होता. मासे रोगट नव्हते. माझा सल्ला चुकला होता.

त्या चुकीतून शिकलेली गोष्ट आज आपल्यापुढे ठेवतो. हीटर गावाच्या हवामानावरून निवडू नये, नुसत्या टाकीच्या लिटरवरूनही निवडू नये. ज्या खोलीत टाकी आहे, त्या खोलीतील सर्वांत थंड तासावरून तो निवडावा.

थंडीने नेमके काय होते?

आपले शरीर स्वतःची ऊब स्वतः राखते. माशाचे तसे नसते. पाणी जेवढे गार, तेवढाच मासा गार. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, रोगाला तोंड देण्याची ताकद कमी होते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे परजीवी त्याच्यावर मात करतात. एंजल, फायटर, गुरामी या माशांना साधारणपणे २४ ते २८ अंश तापमान मानवते. गप्पी व मॉली २२ अंशांपर्यंत निभावून नेतात. डिस्कसला मात्र २८ ते ३० अंश लागतात. उलट गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा आहे, त्याला हीटरची गरज नाही. म्हणून गोल्डफिश आणि एंजल एकाच टाकीत ठेवू नयेत.

आधी मोजावे, मग घ्यावे

निफाडची थंडी आपल्याला नवी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. मुंबईसुद्धा नेहमीच उबदार असते असे नाही. साकीनाक्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमानाची नोंद झालेली आहे. पण शेडच्या पत्र्याखाली किंवा ए.सी.च्या झोतात किती थंडी आहे, हे वेधशाळा सांगू शकत नाही. ते आपणच मोजले पाहिजे. कमाल-किमान थर्मामीटर टाकीशेजारी तीन रात्री ठेवावा. जो सर्वांत कमी आकडा मिळेल, तो माशाला लागणाऱ्या तापमानातून वजा करावा. जो फरक येईल, त्यावर हीटर ठरवावा.

फरक ५ अंशांच्या आसपास असेल, तर दर लिटरला साधारण १ वॅट धरावा. फरक १० अंशांच्या घरात असेल, तर दर लिटरला दीड ते दोन वॅट धरावेत. लहान टाकी लवकर निवते, म्हणून तिला वरचा आकडा घ्यावा. मोठ्या टाकीला खालचा पुरतो. कोंबडीच्या पिलांच्या ब्रूडरमध्ये आपण थंडी पाहून बल्ब कमी-जास्त करतो, तोच हा हिशेब आहे.

टाकीतले पाणी काढणेही सोपे आहे. लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि १,००० ने भागावे. साकीनाक्याच्या टाकीत १६० लिटर पाणी होते. खोली १८ अंश, हवे होते २६. फरक ८ अंशांचा. आम्ही १०० वॅटचे दोन हीटर बसवले. पाणी २६ अंशांवर यायला जवळजवळ अर्धा दिवस लागला. असा वेळ लागणेच चांगले. टाकीत मासे असतील तर पाणी तासाला १ अंशापेक्षा जास्त वेगाने तापवू नये.

एक मोठा की दोन लहान?

दोन लहान घ्यावेत, असे माझे मत आहे. हीटरमधला थर्मोस्टॅट कधी ना कधी बिघडतो. तो बंद अवस्थेत अडकला, तर दुसरा हीटर टाकी अगदीच निवू देत नाही. चालू अवस्थेत अडकला, तर लहान हीटर पाणी हळूहळू तापवतो आणि आपल्या लक्षात यायला वेळ मिळतो. एकच मोठा हीटर असा अडकला, तर एका रात्रीत मासे उकडून निघतात. बिनथर्मोस्टॅटचा स्वस्त हीटर टाकीसाठी घेऊच नये.

हीटर पाणी फिरते तिथे, म्हणजे फिल्टरच्या तोंडाजवळ बसवावा. तापमापक मात्र विरुद्ध टोकाला लावावा. हीटरवरील खुणेपर्यंत पाणी नेहमी असावे. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तापलेली नळी उघडी पडली की तडकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. शेडमध्ये अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. असल्याशिवाय हीटर लावू नये. मासे पुन्हा आणता येतात, माणूस आणता येत नाही.

ऊब राखणे हीच बचत

हीटर ऊब निर्माण करतो, झाकण ती राखते. पाण्याची वाफ होते तेव्हा ती ऊब घेऊन जाते, म्हणून टाकीवर काचेचे झाकण असावे, हवेपुरती फट ठेवावी. टाकीखाली आणि मागच्या बाजूला पॅकिंगमधला थर्माकोल लावावा. ए.सी.चा किंवा पंख्याचा झोत टाकीवर येऊ देऊ नये. आपल्या शेडमध्ये अनेक टाक्या असतील, तर त्या एका कोपऱ्यात जवळजवळ मांडून भोवती प्लॅस्टिकचा पडदा करावा. १०० वॅटचा हीटर दिवसातून बारा तास चालला तर १.२ युनिट वीज लागते. दहा टाक्यांचा हिशेब आपणच करून पाहावा.

वीज गेली तर घाबरून गरम पाणी ओतू नये. टाकीभोवती गोणपाट किंवा घोंगडी गुंडाळावी, हवेसाठी वरची बाजू थोडी मोकळी ठेवावी आणि त्या काळात खाद्य देऊ नये. गरम पाण्याची बाटली बूच घट्ट लावून टाकीत सोडता येते. परंतु ८० अंशांचे एक लिटर पाणी ५० लिटरच्या टाकीचे तापमान जेमतेम १ अंशाने वाढवते, हे ध्यानात असू द्यावे. मोठ्या टाकीला घोंगडीचाच आधार अधिक.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

आपला माल कुर्ल्याच्या बाजारात जावो की थेट एखाद्या ऑफिसात, तो पुढे कोणत्या खोलीत राहणार हे विचारण्याची सवय ठेवावी. आपल्या शेडमधून निरोगी निघालेला मासा तिकडे गारठून मेला, तर बोल आपल्यालाच लागतो. साकीनाक्याच्या मालकांना मी थर्मामीटर दाखवला आणि चूक माझी होती हे सांगितले. भावाने वीस मासे पुन्हा दिले, या वेळी हीटर आधी आणि मासे मागून. ते मासे जगले. शेडला कुलूप लागले नाही. आता भाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला माशांबरोबर एक साधा तापमापक देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "तुमच्या खोलीत रात्री ए.सी. किती वर असतो?"

हा प्रश्न मी त्या मे महिन्यात विचारायला हवा होता. आपण तो विसरू नये, एवढीच विनंती करून थांबतो.