मोडीचा भाव आणि मानाचा भाव : जुन्या पैठणीची पुनर्विक्री



दिनांक १० जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे सोदबीज या लिलावगृहात हातात धरावयाची एक काळी चामड्याची बॅग सुमारे ८६ लाख युरोंस विकली गेली. रुपयांत ही रक्कम ८५ कोटींच्या घरात जाते. बॅग कोरी नव्हती. चामड्यावर ओरखडे होते, चिकटवलेल्या कागदांच्या खुणा होत्या, कडा झिजलेल्या होत्या. जेन बर्किन या नटी व गायिकेसाठी हर्मेस या फ्रेंच पेढीने १९८४ च्या सुमारास तयार केलेली ही पहिली बॅग होय. बाईंनी स्वतः ती १९९४ मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात देऊन टाकली होती. पुढे त्याच घाटाच्या बॅगा त्यांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाल्या.

ही बातमी आपल्या शहरातही वाचली गेली आणि ‘लोकांना वेड लागले आहे’ असे म्हणून पान उलटले गेले. तथापि पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत ज्यांच्या हयाती कापडाच्या गादीवर गेल्या, त्यांना ती इतकी परकी वाटू नये. वापरलेली, झिजलेली, परंतु पुन्हा सहज न मिळणारी वस्तू दुसऱ्यांदा विकावयास निघाली म्हणजे तिचा भाव कोण ठरवितो, हा प्रश्न पॅरिसचा आहे तितकाच पन्नास किलोमीटरवरील पैठणचाही आहे. किंबहुना या परिसरातील कित्येक घरांच्या कपाटांत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, तो पडून आहे.

प्रथम त्या बॅगेचा व्यवहार समजून घेऊ. हर्मेस ही १८३७ मध्ये घोड्यांचे साज बनविण्यासाठी निघालेली पेढी. तिची बर्किन बॅग दुकानात मांडून ठेवलेली नसते व मागितल्याबरोबर मिळतही नाही. कोणास द्यावयाची हे दुकान ठरविते. इतर माल घेतल्याशिवाय ती मिळत नाही, अशी तक्रार घेऊन २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील काही ग्राहक न्यायालयात गेले होते; २०२५ मध्ये तो दावा फेटाळला गेला. परिणाम असा की ज्यास थांबावयाचे नाही तो बाहेरच्या बाजारात जातो आणि दुकानाच्या किमतीहून अधिक मोजून वापरलेली बॅग घेतो. म्हणजे टंचाई ही पेढीच्या हातची आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महागड्या बॅगांपैकी बहुतेक पहिल्या दिवशीच किंमत गमावतात. चढतात त्या मोजक्याच घाटांच्या. हीच पेढी २०११ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला आली आणि त्याच वर्षी तिने भारतासाठी थोड्या साड्याही काढल्या, ही गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे.

आता पैठणीकडे वळू. व्यापारी दृष्टीने पाहिल्यास जुन्या पैठणीस एक नव्हे, तीन भाव असतात. पहिला मोडीचा, म्हणजे जर जाळून जी चांदी निघेल तिचा. दुसरा वापराचा, म्हणजे कोणी नेसण्यासाठी घेईल तर देईल तो. तिसरा मानाचा : ज्याला ती वस्तू तीच हवी आहे, दुसरी चालणार नाही, अशा माणसाचा. पैठणीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या तीन भावांच्या ओढाताणीचा आहे, आणि त्यातील फार मोठा काळ मोडीचा भावच वरचढ ठरला, हे कबूल केले पाहिजे.

खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जुन्या नऊवारी पैठणीचे अंग पुष्कळदा तलम सुताचे असे. काठ आणि पदर रेशीम व जर यांचे. अंग विरले की साडी नेसण्याच्या उपयोगाची राहत नसे, पण पदरातील धातू शाबूत असे. दारावर बोहारीण येई, ती सुती कपड्यांवर भांडी देई. जरीच्या साड्यांसाठी वेगळे खरेदीदार फिरत. ते पदर हातात तोलत, दोन तारा काढून जाळून पाहत आणि वजनावर पैसे देत. कोणाच्या आजीचा शालू, कोणाच्या आत्याच्या लग्नातली असावली किंवा बांगडी मोराची पैठणी अशी तराजूत गेली. पुढे भट्टी. रेशीम जळून जाई, खाली चांदीचा गोळा उरे. लेकीच्या लग्नात नवीन पैंजण आले, अडीनडीला घरखर्च भागला. त्या घरांना दोष देता येणार नाही. पण ही भट्टी चालू ठेवणाऱ्यांत बोहारणींपेक्षा गादीवर बसणारे व्यापारी अधिक होते. कापडाच्या व सराफीच्या धंद्यातील आपल्या मंडळींनी त्यात हात धुऊन घेतले नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा एका साडीतून दीडशे ग्रॅम चांदी निघाली आणि चांदीचा भाव किलोस दीड लाख धरला, तर मोड होते २२,५०० रुपयांची. त्यातून घट आणि जाळणाऱ्याची मजुरी वजा. घरमालकिणीच्या हाती पडावयाचे ते त्याहून बरेच कमी. चांदीचा भाव चढतो तेव्हा ही मोड गोड वाटू लागते. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली होती आणि त्याच मार्चअखेर कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने तो जुना उच्चांक ओलांडला. म्हणून हा विषय केवळ जुन्या आठवणींचा राहिलेला नाही.

म्हणजेच बर्किनची टंचाई विकणाऱ्याने योजून केलेली. जुन्या पैठणीची टंचाई मात्र भट्टीने केली. आज उरलेल्या प्रत्येक जुन्या पैठणीचा भाव तिच्या जळून गेलेल्या बहिणींमुळे वाढला आहे, हे ऐकावयास कठोर असले तरी बाजाराचे गणित तसेच आहे.

मोडीचा भाव चालू असतानाही मानाचा भाव ओळखणारे काही होते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून, लोक अडगळीत टाकीत होते त्या दिवे, अडकित्ते, वस्त्रे, वाद्ये अशा वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह शासनास देऊन टाकला. त्याच दशकात महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठण येथे पैठणी केंद्र चालविण्यास घेतले आणि थकत चाललेली विद्या नव्या मुलींच्या हाती गेली. येवल्यास तर हा उद्योग चांगलाच फोफावला. २०१० मध्ये पैठणीस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. दूरचित्रवाणीच्या ‘होम मिनिस्टर’ने २००४ पासून पुढे वीस वर्षे ती घराघरात नेली, २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात तर अकरा लाखांची पैठणी बक्षीस होती. नवी वस्तू मानाची झाली तशी लोकांस जुनीची आठवण झाली. आज लग्नासाठी ‘आजीची असेल तशी’ पैठणी शोधणाऱ्या मुली आहेत, संग्राहक आहेत, वेशभूषाकार आहेत. तिसरा भाव खऱ्या अर्थाने जागा झाला तो या काळात.

परंतु जेथे भाव तेथे लबाडी आलीच. बर्किनच्या नकला इतक्या हुबेहूब निघतात की पुनर्विक्रीच्या दुकानांना टाके मोजणारे पारखी नेमावे लागतात. पैठणीच्या बाबतीत ग्राहकाने एवढेच करावे : पदर उलटा करून पाहावा. हातमागावरील पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी फिरते आणि शेजारच्या धाग्यात गुंतून परतते. त्यामुळे मोर, मुनिया, कमळ दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. जॅकार्डवर काढलेल्या नक्षीमागे सुटे वा कातरलेले धागे दिसतात. असे कापड वाईट असते असे नव्हे. ते पैठणीच्या नावावर व पैठणीच्या भावात विकणे वाईट. जरीची परीक्षा याहून अवघड. खरी जर काळवंडते, आणि काळवंडलेली पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. उलट तांब्यावरची ‘टेस्टेड’ जर किंवा प्लॅस्टिकची जर काही काळ अधिक झगझगीत राहते. जुनी म्हणून दाखविलेली साडी फारच चमकत असेल तर तेथे थांबावे.

दुसरा प्रकार फसवणुकीचा नाही, पण विचार करावयास लावणारा आहे. विरलेल्या साडीचे काठ-पदर काढून नव्या रेशमी अंगाला जोडतात. हे काम नीट झाले आणि विकताना सांगितले, तर ते दुरुस्तीत मोडते. न सांगता केले तर दुरुस्ती राहत नाही. याहून दुःखद म्हणजे धडधाकट पदर कापून त्याच्या पर्स, बटवे आणि जाकिटे शिवणे. एका पदरातून पाच-सहा बटवे निघतात, प्रत्येकास बरा भाव येतो, बेरीज साडीहून अधिक होते. व्यापारी बुद्धीला हे पटते. पण भट्टीने चांदी तरी उरविली होती. बॅगेपासून निघालेला विषय असा पुन्हा बॅगेपाशीच येऊन पोहोचतो.

येथे आपल्या समाजाशी निगडित एक बाजू आहे. लिलावात सर्वांत चढा भाव घेणाऱ्या बॅगांत मगरीच्या कातड्याच्या बॅगा असतात. २०१५ मध्ये मगरींच्या हत्येचे चित्रण प्रसिद्ध झाले तेव्हा स्वतः जेन बर्किन यांनी त्या प्रकारावरून आपले नाव काढण्यास सांगितले होते. पेढीने खुलासा केल्यावर त्यांचे समाधान झाले. आपल्याकडे हे ऐकून मान डोलविणे सोपे आहे. पण एका रेशमी साडीमागेही हजारो कोश उकळले जातात, आणि त्याच साड्या आपल्या दुकानांतून विकल्या जातात, मंगलप्रसंगी नेसल्या जातात. कोशातून पतंग बाहेर पडल्यावर काढलेल्या रेशमाचे प्रयोग झाले आहेत, पण अखंड धागा न मिळाल्याने ते कापड वेगळ्याच पोताचे होते. जुनी पैठणी विकत घेतल्याने नवा एकही कोश उकळावा लागत नाही, हे पुनर्विक्रीच्या बाजूचे एक प्रामाणिक म्हणणे आहे. जुनीचा बोलबाला झाला की नवीनची मागणीही वाढते, हे त्यावरचे तितकेच प्रामाणिक उत्तर.

व्यवहाराचे चार शब्द. कोरी पैठणी गुंतवणूक म्हणून घेऊ नये. घडी मोडली की दुकानातील भाव परत येत नाही. शंभर वर्षांहून जुनी, कलात्मक वा ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशस्थ नातेवाइकांकडून मागणी आली तर हे आधी पाहावे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांत खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरण्याची सोय ठेवलेली आहे. पण अट अशी की मालाचे स्वरूप बदलता कामा नये. पदराचा बटवा झाला की ती सोय गेली. साडी घरी ठेवताना सुती मऊ फडक्यात ठेवावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. जुनी रेशमी साडी नेसण्याने जितकी फाटते त्याहून अधिक एकाच घडीवर पडून राहण्याने फाटते. आईच्या किंवा सासूच्या लग्नाचे छायाचित्र त्याच साडीतले असेल तर तेही जपून ठेवावे. पॅरिसच्या बॅगेला भाव आला तो चामड्याला नव्हे, ती कोणाची हे सिद्ध करता आले म्हणून.

एक प्रश्न मात्र या सर्व हिशेबात सुटत नाही. पैठणी दुसऱ्यांदा विकली गेली, तिसऱ्यांदा विकली गेली, भाव दसपट झाला, तरी ज्याने किंवा जिने महिनोन् महिने मागावर बसून तो पदर विणला, त्याच्या घरी त्यातला रुपयाही जात नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५३ अ कलमात चित्रकार, शिल्पकार यांना मूळ कृतीच्या पुनर्विक्रीत, किंमत दहा हजारांच्या वर असल्यास, दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे. त्यात चित्र आहे, शिल्प आहे, रेखाटन आहे, हस्तलिखित आहे, विणकाम नाही. हातमागाची पैठणी विकताना बिलावर दुकानाच्या नावाबरोबर विणणाऱ्याचे नाव व गाव लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि खर्च शाईच्या एका ओळीचा आहे. शहरातील कापड व्यापाऱ्यांनी येत्या लग्नसराईपासून हे सुरू करावे.