दप्तर आणि दवंडी



सातारा आणि सांगली या एकेकाळी एकाच जिल्ह्यात नांदलेल्या मुलखातील वाचनालयांच्या चालकांनी मला या आसनावर बसविले, त्याबद्दलची कृतज्ञता एका वाक्यात उरकून, ज्या विषयाला हात घालू नये असे हितचिंतकांनी मला बजावले आहे, त्याच विषयाकडे मी वळतो. पुढाऱ्यांनी समाजमाध्यमांतून इतिहासाची आणि धर्माची जी दवंडी चालविली आहे, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

२०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात, शिवाजी महाराजांनी अफजलखानावर चालविली असे म्हटले जाते ती लंडनची वाघनखे मांडली गेली. ती येण्यापूर्वीपासूनच पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या संदेशांचा असा पूर लोटला होता की, ‘हीच ती’ याखेरीज काही बोलणे हा जणू राजद्रोहच ठरावा. तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी तर विधानसभेत त्यांच्या अस्सलपणाची ग्वाही दिली. परंतु ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या कराराने उसनी दिली, तेच सांगते की, अफजलखानावर चाललेले शस्त्र हेच, हे सिद्ध करता येत नाही. आणि इतिहाससंशोधक इंद्रजित सावंतांनी तेवढेच निदर्शनास आणले, तर त्यांच्यावरच गहजब! ज्या पेटीत ही नखे ठेवलेली होती, तिच्यावरचा इंग्रजी लेख तरी या दवंडीवाल्यांपैकी कितीजणांनी वाचला? शिवाजीने ज्या नखांनी ‘मोगल’ सेनापतीस मारले ती ही, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ यास दिली, असे तो सांगतो. विजापूरच्या आदिलशाही सरदाराला मोगल ठरविणारा हा साक्षीदार कोणता मुन्सफ उलटतपासणीवाचून सोडील? नखे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. मी दाखला मागतो.

दाखला मागण्याची रीत या मुलखाला परकी नाही. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील जीर्ण कागद उलगडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड छापले; आणि शाळामास्तराने जे कष्ट उपसले, त्यांतून मंत्र्याला मात्र माफी असावी, हा न्याय कोणत्या दरबारचा?

धर्माच्या दवंडीचीही तीच तऱ्हा. महाराज आणि अफजलखान यांच्या १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीला दोन धर्मांचे द्वंद्व म्हणून रंगविणारे संदेश दरवर्षी येतात. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, ही दोन नावे त्यांत कधी आढळतात काय? ती घातली तर मजकूर पुढे धाडण्याची खुमखुमीच जिरेल, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक असते. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील अशाच एका आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव उठला, मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण प्राणास मुकला आणि सरकारला इंटरनेट बंद करावे लागले. तो मजकूर कोणा मंत्र्याचा नव्हता हे खरे. पण वाचताक्षणी चवताळण्याची सवय लोकांना कोणी लावली?

आणि आपण काय केले? आपल्याच संस्थांचे कार्यवाह हे संदेश पुढे ढकलतात, आणि उद्‌घाटनासाठी त्याच पुढाऱ्यांच्या तारखांकरिता तिष्ठत बसतात. अनुदानाची भीती असेल, तर तसे उघड सांगावे.

म्हणून मी अध्यक्षस्थानावरूनच ठराव मांडतो, प्रघाताविरुद्ध असला तरी: इतिहासाविषयी जाहीर लिहिणाऱ्या पुढाऱ्याने आधाराचा कागद दाखविल्याखेरीज आपल्या व्यासपीठावर त्यास पाचारण करू नये. ज्यांना तो अमान्य असेल, त्यांनी आताच उठून बोलावे. मी बसून ऐकतो.